रशियाच्या प्रभावावर बारा फलक: मजकूर तपासून हवा

पाणवठा

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या वाचनालयाच्या वरच्या दालनात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रदर्शन लावायचं ठरलंय. विषय आहे आधुनिक इतिहास, मुत्सद्देगिरी आणि साहित्य यांवरचा रशियाचा प्रभाव. २ बाय ३ फुटांचे बारा फलक, प्रत्येकावर साधारण १२० शब्द आणि एक चित्र किंवा नकाशा. बघायला येणार दहावी-बारावीची मुलं, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे आणि रोज सकाळी पेपर वाचायला येणारे ज्येष्ठ. यांतलं कुणीही चूक सोडणार नाही, आणि सोडूही नये.

कच्चा क्रम असा आहे: अफनासी निकितिन दख्खनमध्ये, लेनिनचा टिळकांविषयीचा लेख, टॉलस्टॉय आणि गांधी, ऑक्टोबर क्रांती, १९३० चं सोलापूर, डॉ. कोटणीस, स्टालिनग्राडचा पोवाडा, भिलाई आणि पंचवार्षिक योजना, ताश्कंद, १९७१ चा करार, रशियातून आलेली मराठी पुस्तकं, आजचा रुपया-रुबल व्यवहार.

अडलंय ते तीन ठिकाणी. तारखा दोन पुस्तकांत दोन सापडतात. रशियन नावं कशी लिहायची यावर एकमत होत नाही. आणि तिसरं म्हणजे, आमच्यातल्या काहींना चौथ्या फलकापासून पाचव्यापर्यंत लाल बाण हवाय, ‘पेत्रोग्राड १९१७’ पासून ‘सोलापूर १९३०’ पर्यंत. बाण काढावा का? मजकूर छपाईला जायला तीन आठवडे आहेत.

जुनेकागद

तारखांचं आधी उरकू, कारण ते नियमाने सुटतं.

रशियात ३१ जानेवारी १९१८ पर्यंत जुनी, म्हणजे ज्युलियन दिनदर्शिका होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ फेब्रुवारी उजाडला. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या रशियन तारखेत १२ दिवस आणि विसाव्या शतकातल्या तारखेत १३ दिवस मिळवले की आपली तारीख येते. ऑक्टोबर क्रांती २५ ऑक्टोबर १९१७ ची, आपल्या हिशोबाने ७ नोव्हेंबर. टॉलस्टॉयचा जन्म २८ ऑगस्ट १८२८, म्हणजे ९ सप्टेंबर. मृत्यू ७ नोव्हेंबर १९१०, म्हणजे २० नोव्हेंबर. फलकांवर सगळीकडे नवीच तारीख द्या आणि पहिल्या फलकाच्या तळाशी एका ओळीत तसं सांगून टाका. मात्र ‘ऑक्टोबर क्रांती’ हे नाव तसंच राहू द्या, ते आता विशेषनाम झालंय.

सगळ्यात मोठा खड्डा दुसऱ्या फलकावर आहे. टिळकांना शिक्षा झाली २२ जुलै १९०८ ला, आणि त्याच्या निषेधात मुंबईच्या गिरणी कामगारांचा सहा दिवसांचा संप सुरू झाला २३ जुलैला. लेनिनचा लेख ‘प्रोलेतारी’ या रशियन पत्राच्या ३३ व्या अंकात आला, आणि त्या अंकावर २३ जुलै ही तारीख आहे. एवढंच वाचून ‘संपाच्या पहिल्याच दिवशी लेनिनने दखल घेतली’ असं कुणीतरी लिहून बसतं. त्या अंकावरची २३ जुलै जुन्या पद्धतीची आहे. आपल्या हिशोबाने तो अंक ५ ऑगस्टचा, संप मिटून आठवडा उलटल्यानंतरचा. त्यात आश्चर्य काही नाही. लेनिन तेव्हा जिनिव्हात होता, बातमी तिथपर्यंत पोचायला तेवढे दिवस लागायचेच.

याच फलकाचा रोखही तपासा. इथे मुंबईच्या कामगारांनी काही केलं आणि त्याची नोंद लेनिनने घेतली. म्हणजे प्रभावाची दिशा मुंबईकडून रशियाकडे आहे. हा फलक काढू नका, पण मथळ्यात तसं स्पष्ट म्हणा.

निकितिन हा रशियातल्या त्वेर शहराचा खासगी व्यापारी, कुणाचा राजदूत म्हणून आला नव्हता. चौलला उतरला, घोडा विकायला जुन्नरला गेला, पावसाळा तिथेच काढला, तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि रदबदलीनंतर परत दिला. पुढे तो बिदरला गेला. त्याच्या प्रवासाच्या सालांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून ‘१४७० च्या आसपास’ एवढंच लिहा. सोलापूरकरांसाठी त्याच्या लिखाणातली महत्त्वाची जागा म्हणजे आळंदची जत्रा. अक्कलकोट तालुका संपला की लागतो तो हा आळंद तालुका. दहा दिवसांचा बाजार भरतो आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात, असं तो लिहितो. आकडा त्याचा आहे, तेव्हा ‘निकितिनच्या म्हणण्याप्रमाणे’ हे शब्द गाळू नका. रशियात नेण्याजोगा माल इथे मिळाला नाही अशी तक्रारही त्याने नोंदवलीय. त्याच्या येण्याने व्यापार वाढला नाही की राजकारण हललं नाही. ‘पहिली ओळख’ म्हणून फलक चांगला आहे, त्याला ‘प्रभाव’ म्हणू नका.

चारपुतळा

बाण काढू नका, ताई. कारणासकट सांगतो, म्हणजे कमिटीपुढे ठेवता येईल.

१९३० च्या मे महिन्यात सोलापुरात जे झालं त्याची ठिणगी गांधीजींच्या अटकेची होती. ४-५ मेच्या रात्री त्यांना धरलं, बातमी इथे आली आणि गिरण्या बंद पडल्या. ८ मेला शिंदीची झाडं तोडण्यावरून पोलिसांशी गाठ पडली, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे पहिले हुतात्मा ठरले. चिडलेल्या जमावाने पोलीस चौक्या आणि कोर्ट जाळलं. ९ ते ११ मे शहरात इंग्रजी अंमल उरला नाही. १२ मेला मार्शल लॉ लागला तो ३० जूनपर्यंत. त्या काळात गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा होता. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं.

यात पेत्रोग्राड कुठे येतं? मीठ, शिंदी, टोपी, तिरंगा ही सगळी सविनय कायदेभंगाची खूण आहे. ‘कम्यून’, म्हणजे लोकांनी स्वतः चालवलेला कारभार, हा शब्द या तीन दिवसांना पुढे चिकटला, आणि तोही मुळात १८७१ च्या पॅरिसचा आहे. नाव सारखं म्हणून नातं जोडायचं झालं तर बाण पॅरिसहून काढावा लागेल.

रशियन माणूस या फलकावर आणायचाच असेल तर टॉलस्टॉय आणा, तोही दोन टप्पे लांबून: टॉलस्टॉयकडून गांधींकडे आणि गांधींकडून सोलापूरकडे. दुसऱ्या टप्प्यावर मात्र जपून लिहा. चौक्या जाळणं टॉलस्टॉयला मान्य नव्हतं आणि गांधींनाही नव्हतं. त्या दिवसांत शांततेने ठाम उभे राहिलेले लोक होते आणि संतापलेले लोकही होते. चौघा हुतात्म्यांच्या नावाखाली हे दोन्ही एका ओळीत सांगितलं तरच फलक खरा होईल.

रशियन क्रांतीचा थेट धागा सोलापुरात दिसतो तो कामगार चळवळीत. इथली पहिली कापड गिरणी, सगळे जिला ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती, १८७७ ला सुरू झाली. १९२० नंतरच्या दोन दशकांत गिरण्यांच्या दारात कम्युनिस्टांचा लाल बावटा आला. युनियन, सभासद वर्गणी, संप समिती, १ मे पाळणं ही सगळी संघटनेची रीत त्या चळवळीने आणली. मुंबईत पुढे कम्युनिस्ट पुढारी झालेल्या डांग्यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका १९२१ मध्ये छापली, म्हणजे क्रांतीनंतर चारच वर्षांनी. कम्युनिस्टांवर भरलेला १९२४ चा कानपूर खटला आणि १९२९ चा मीरत खटला यांत सरकारनेच ‘बोल्शेविक’ (लेनिनच्या पक्षाचा) हा शब्द घराघरात पोचवला. जुलै १९३४ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. बाण काढायचा असेल तर इथे काढा. याला कागद आहेत.

आणि कोटणीस. डॉक्टर सोलापूरचे, आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचे, पण ते १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. रशियाच्या प्रदर्शनात त्यांचा फलक लावला तर मुलं घोळ डोक्यात घेऊन जातील. त्यांच्यासाठी वेगळं प्रदर्शन करा, ते त्यांचं हक्काचं आहे.

मसुदा

परराष्ट्र व्यवहाराच्या फलकांवर नेहमी होणारी चूक म्हणजे ‘रशिया कायम आपल्या बाजूने उभा राहिला’ हे वाक्य. ऐकायला गोड, तपासायला लागलं की फाटतं.

पक्क्या गोष्टी आधी. राजनैतिक संबंध १३ एप्रिल १९४७ ला जाहीर झाले, स्वातंत्र्याच्या चार महिने आधी. पहिल्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित, त्यांच्यानंतर राधाकृष्णन. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने वापरलेले नकाराधिकार: काश्मीरवर २० फेब्रुवारी १९५७ आणि २२ जून १९६२, गोव्यावर १८ डिसेंबर १९६१, बांगलादेश युद्धात ४, ५ आणि १३ डिसेंबर १९७१. ही सहा तारखांची पट्टी फलकावर जशीच्या तशी छापा. मुलांना पाठ करायला सोपी आणि कुणालाही पडताळून बघता येईल अशी आहे.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला तेव्हा त्याच दिवसांत अमेरिकेशी क्युबाचा पेच चालू होता आणि मॉस्कोला चीन आपल्या बाजूला हवा होता. २५ ऑक्टोबरच्या ‘प्रावदा’ या सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्राने चीनचा प्रस्ताव उचलून धरला. क्युबाचं निवळल्यावर सूर बदलला. १९६५ च्या युद्धात सोव्हिएत संघ मध्यस्थ होता, म्हणजे व्याख्येनेच कुणा एकाच्या बाजूचा नव्हता. १९६८ मध्ये तर त्याने पाकिस्तानला शस्त्रं द्यायचं कबूल केलं, आणि दिल्लीत त्यावरून गदारोळ झाला. या तीन ओळी घातल्या तर १९७१ चा करार का महत्त्वाचा ते आपोआप कळतं.

ताश्कंद: बोलणी ४ ते १० जानेवारी १९६६, मध्यस्थ पंतप्रधान कोसिगिन. दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतायचं, हे मुख्य कलम. आपल्यासाठी त्याचा अर्थ काश्मीरमधली जिंकलेली हाजीपीर खिंड सोडणं. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण तिथे होते. महाराष्ट्रातल्या फलकावर त्यांचं नाव यायलाच हवं. सही १० तारखेची, शास्त्रीजींचं निधन मध्यरात्रीनंतर, म्हणून ११ तारीख. मृत्यूविषयीच्या कंड्या फलकावर आणू नका. नकाशात ताश्कंद रशियात दाखवू नका, ते तेव्हा उझबेक प्रजासत्ताकात होतं आणि आज उझबेकिस्तानची राजधानी आहे.

१९७१ चा करार: ९ ऑगस्ट, नवी दिल्ली, सह्या परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांच्या. कलमं बारा. लोक त्याला ‘लष्करी युती’ म्हणतात तिथे चुकतात. चार कलमं दाखवा. चौथ्यात सोव्हिएत संघ भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा आदर करतो असं लिहिलंय. आठव्यात एकमेकांविरुद्धच्या लष्करी युतीत सामील न होण्याचं बंधन आहे. नवव्यात असं आहे की हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका दिसला तर दोघांनी लगेच सल्लामसलत करून योग्य ते परिणामकारक उपाय योजायचे. अकराव्यात मुदत, वीस वर्षं. ‘तुमच्यावर हल्ला म्हणजे आमच्यावर हल्ला’ असं एकही कलम नाही. नववं कलम मुद्दाम सैल विणलंय. शत्रूला भीती वाटावी इतकं घट्ट, आणि आपण कुणाच्या गोटात गेलो असं होऊ नये इतकं मोकळं. मुत्सद्देगिरीची भाषा शिकवायला याहून चांगला नमुना मिळणं अवघड. नववं कलम मोठ्या अक्षरात छापा, बाकीचं लहान चालेल.

घाई का झाली तेही लिहा: अमेरिकेचे सल्लागार किसिंजर ९ ते ११ जुलैला गुपचूप पेकिंगला (आजचं बीजिंग) जाऊन आले होते. त्यानंतर महिन्याच्या आत सही झाली. मसुद्याची बोलणी मात्र १९६९ पासून चालू होती. आधी तयार असलेला कागद वेळ आल्यावर बाहेर काढला गेला. कराराची मुदत १९९१ मध्ये वाढवली गेली आणि त्याच वर्षाअखेर सोव्हिएत संघच उरला नाही. म्हणून जानेवारी १९९३ मध्ये रशियाशी नवा करार झाला, आणि त्यात नवव्या कलमाइतकी धार राहिली नाही.

महाराष्ट्राशी जोडायला तीन ठिकाणं आहेत. मुंबईची आयआयटी, १९५८, युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर उभी राहिली. नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ विमानं जुळवण्याचा कारखाना झाला. आणि ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात, वीर या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत बनावटीच्या होत्या.

भिलाईचा करार २ फेब्रुवारी १९५५ चा, क्षमता दहा लाख टन पोलाद, पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला पेटली. पंचवार्षिक योजनेची कल्पना सोव्हिएत आहे यात शंका नाही. त्यांची पहिली योजना १९२८ ची, आपली १९५१ ची. पण अवजड उद्योगांवर भर देणारं संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचं गणिती प्रारूप फेल्डमन या सोव्हिएत अर्थतज्ज्ञाच्या १९२८ च्या प्रारूपासारखं दिसतं म्हणून ‘उचललं’ असं लिहू नका. महालनोबिसांचं प्रारूप १९५३ चं, तर फेल्डमनचं काम इंग्रजी वाचकांपुढे नीट आलं ते १९५७ मध्ये. साम्य आहे एवढंच म्हणा.

रुपया-रुबल थोडक्यात. डिसेंबर १९५३ च्या व्यापार करारापासून देणीघेणी रुपयात व्हायला लागली. आपण यंत्रं घ्यायची, पैसे भारतातल्याच खात्यात रुपयात जमा करायचे, आणि त्या रुपयांतून त्यांनी आपला चहा, कापड, कातडी माल न्यायचा. डॉलर लागत नाही, ही सोय. पण दोन्ही बाजूंची खरेदी जवळपास सारखी असेल तोवरच हे चालतं. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयात व्यवहाराची वाट पुन्हा उघडली. आता आपण तेल प्रचंड घेतो आणि ते आपला माल त्यामानाने फार कमी घेतात, त्यामुळे त्यांचे रुपये इथल्या बँकांत साचून राहिले. हे मे २०२३ मध्ये गोव्यात त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी स्वतः बोलून दाखवलं. फलकावर दोन भांडी काढा, एक भरून वाहणारं आणि एक अर्धं. मुलांना लगेच समजेल.

पाणवठा

बाण रद्द, कोटणीसांचा फलकही काढला. नववं कलम मोठ्या अक्षरात घेतेय. सहावी जागा आता रिकामी आहे. साहित्याचं आणि नावांचं कुणी सांगेल का? आणि ‘रशियन’ म्हणायचं की ‘सोव्हिएत’?

उकार_वेलांटी

शेवटचा प्रश्न आधी. १९१७ पर्यंत रशियन साम्राज्य, ३० डिसेंबर १९२२ पासून १९९१ च्या अखेरीपर्यंत सोव्हिएत संघ, त्यानंतर रशिया. बोलताना आपण सगळ्यालाच रशिया म्हणतो, फलकावर तसं चालणार नाही. लेखकच बघा: गोगोल युक्रेनमध्ये जन्मला आणि रशियनमध्ये लिहिलं, मायकोव्हस्की जॉर्जियात जन्मला, ऐतमातोव किरगिझ. शहरांचंही तेच आहे. पीटर्सबर्ग १९१४ ला पेत्रोग्राड झालं, १९२४ ला लेनिनग्राड, १९९१ ला पुन्हा पीटर्सबर्ग. स्टालिनग्राड हे नाव १९२५ ते १९६१ एवढंच, आता वोल्गोग्राड. घटनेच्या वेळचं नाव द्या, नकाशाखाली आजचं.

नावांसाठी नियम: मराठी वाचकाच्या डोळ्यांत बसलेलं रूप ठेवा आणि बाराही फलकांवर तेच वापरा. टॉलस्टॉय, लेनिन, गॉर्की तसेच राहू देत. चेकॉव्ह मात्र बदला, कारण मूळ उच्चारात स्वच्छ ‘ख’ आहे आणि तो आपल्याकडे आयता आहे, इंग्रजीकडे नाही. चेखव लिहा. आपल्या ‘च’चे दोन उच्चारही कामाला येतात: ‘चार’मधला च आणि ‘चोर’मधला च ही रशियनमध्ये दोन वेगळी अक्षरं आहेत. फलक वाचून दाखवणाऱ्या मुलांना एवढं सांगितलं तरी निम्मे उच्चार सुधारतील.

रशियन कादंबरी मराठी वाचक अर्ध्यात सोडतो तो नावांपायी. खरं तर ती पद्धत आपल्याला परकी नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपलीच रीत. फरक इतकाच की ते वडिलांच्या नावाला प्रत्यय लावतात: लेव निकोलायेविच टॉलस्टॉय म्हणजे निकोलायचा मुलगा लेव. मुलगी असेल तर निकोलायेवना. नाव आणि वडिलांचं नाव मिळून हाक मारली की तो मान झाला, आपल्या ‘राव’ किंवा ‘ताई’सारखा. घरात त्याच माणसाचं लाडाचं नाव तिसरंच असतं. हे फलकाच्या कोपऱ्यात चौकट करून द्या. पुस्तक हातात घेणाऱ्याला प्रदर्शनातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच ठरेल.

मापंही अशीच अडवतात. व्हर्स्ट म्हणजे १ किलोमीटर ६७ मीटर. पूद म्हणजे १६ किलो ३८० ग्रॅम. देस्यातिना म्हणजे २ एकर २८ गुंठे, अगदी थोडंसं कमी. जमिनीच्या हव्यासाची रशियन गोष्ट वाचताना माणसाने किती रान मागितलं हे गुंठ्यात कळलं की आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती वेगळीच भिडते.

आता प्रभाव. टॉलस्टॉय-गांधी फलक सगळ्यात भक्कम आहे, कारण पत्रं आहेत. टॉलस्टॉयचं ‘एका हिंदूस पत्र’ १९०८ च्या अखेरीचं, भारतीय क्रांतिकारक तारकनाथ दासांना लिहिलेलं. त्याची प्रत हाती आल्यावर गांधींनी लंडनहून १ ऑक्टोबर १९०९ ला टॉलस्टॉयना पहिलं पत्र टाकलं. उत्तर आलं. परतीच्या बोटीवर गांधींनी त्या पत्राचा गुजराती अनुवाद केला, आणि त्याच बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहून झालं. ‘हिंद स्वराज’च्या शेवटी वाचण्याजोग्या वीस पुस्तकांची यादी आहे, त्यांतली सहा टॉलस्टॉयची. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ गांधींचा मित्र कॅलनबाख याच्या अकराशे एकर जमिनीवर टॉलस्टॉय फार्म उभं राहिलं. फलकावर ती यादीच छापा. ‘गांधींवर टॉलस्टॉयचा खोल प्रभाव होता’ या वाक्यापेक्षा वीसात सहा हा आकडा जास्त सांगतो.

स्टालिनग्राडचा पोवाडा हाही भक्कम, आणि सोलापूर जिल्ह्याचा हक्क असलेला. लढाई २ फेब्रुवारी १९४३ ला संपली आणि अण्णाभाऊ साठ्यांनी तिच्यावर पोवाडा रचला. पुढच्या वर्षी अमर शेख, गवाणकर आणि अण्णाभाऊंचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अमर शेख बार्शीचे. विषय व्होल्गाकाठचा आणि घाट शाहिरी, डफ-तुणतुण्याचा: हा प्रभाव कसा मुरतो ते इथे कानाने ऐकू येतं. अण्णाभाऊंना ‘महाराष्ट्राचे गॉर्की’ म्हणण्याची सवय आहे, ती फलकावर टाळा. त्यांची छक्कड आणि लावणी गॉर्कीकडे नव्हती. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले आणि प्रवासवर्णन लिहिलं, सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. या दोन गोष्टी पुरेशा आहेत. नाटकासाठी गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’वरून पुलंनी केलेला ‘अंमलदार’ घ्या.

पुस्तकांच्या फलकावर एक कडू ओळ हवीच. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनाची मराठी पुस्तकं स्वस्त होती, देखणी होती, आणि बरीचशी थेट रशियनमधून आलेली होती. आपल्याकडची बाकी बहुतेक भाषांतरं इंग्रजीवरून झाली, त्यामुळे ही गोष्ट लहान नाही. पण कोणती पुस्तकं पाठवायची ते तिथलं सरकार ठरवत होतं. लेखक पास्तरनाकला १९५८ चं नोबेल नाकारायला लावलं, त्याची कादंबरी त्याच्या देशात १९८८ मध्ये छापली गेली. कवी मांदेलश्ताम १९३८ च्या डिसेंबरात छावणीत मेला. हे इथे आलेल्या पुस्तकांत नव्हतं, आणि म्हणून एका पिढीच्या डोक्यातला रशिया अर्धाच राहिला.

रिकाम्या सहाव्या जागेसाठी सुचवतो: मराठीकडे वळलेले रशियन. तात्याना कातेनिना यांनी १९६३ मध्ये रशियन वाचकांसाठी मराठीचं व्याकरण लिहिलं. मॉस्कोच्या इरिना ग्लुश्कोवा यांनी वारी आणि पंढरपूर हाच अभ्यासाचा विषय केला. सोलापूर जिल्ह्यात हा फलक नसेल तर कुठे असेल?

ठसा

छपाईबद्दल. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून छपाईवाल्याकडे दिला आणि त्याने तो त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये फिरवला की पहिल्यांदा ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ मोडतात, मग ‘त्स’, ‘श्त’सारखी जोडाक्षरं. तुमच्या फलकांवर नेमकी तीच भरपूर आहेत. अक्षरांचे आकार गोठवून पीडीएफ द्या, वर्ड फाइल देऊच नका. आणि एक फलक आधी कागदावर पूर्ण आकारात काढून भिंतीला लावून बघा.

२ बाय ३ फुटांवर १२० शब्द ठीक आहेत. मजकूर ३० पॉइंट, मथळा ८० च्या वर. फ्लेक्स चकाकतो, ट्यूबलाइटखाली वाचता येत नाही; सनबोर्डवर मॅट छाप घ्या. फलकाचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर ठेवा, म्हणजे मुलं आणि मोठे दोघांनाही मान वाकवावी लागणार नाही.

जुनी सोव्हिएत पुस्तकं मांडणार असाल तर मूळ पानांना लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. पातळ बालपुस्तकांच्या पिना गंजलेल्या असतात आणि गंज कागद खातो. बोथट सुरीने पिनेचे पाय आतून सरळ करा, पिन मागून ओढून काढा आणि पांढऱ्या सुती दोऱ्याचे तीन टाके घाला. चिकटपट्टी कुठेच नको. पुस्तक सपाट पूर्ण उघडून ठेवलं की बांधणी जाते, पुठ्ठ्याचा उतार करून त्यावर अर्धवट उघडं ठेवा. कसर दिसली तर ते पुस्तक बंद पिशवीत वेगळं काढा, पेटीत बाकीच्यांसोबत नको. मूळ नाव, छपाईची माहिती या पुस्तकांत बहुधा शेवटच्या पानावर असते. माहितीची चिठ्ठी करताना तिथे बघा.

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. सहावा फलक कातेनिना-ग्लुश्कोवा यांचा पक्का. पाचव्याचा नवा मजकूर असा केलाय, बघता का:

‘मे १९३०. गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूरच्या गिरण्या थांबल्या. ८ मेच्या गोळीबारात शंकर शिवदारे पडले. संतापलेल्या जमावाने चौक्या आणि कोर्ट जाळलं. तीन दिवस शहरावर इंग्रजांचा अंमल नव्हता, मग ४९ दिवस मार्शल लॉ होता. १२ जानेवारी १९३१ ला चौघांना फाशी झाली. या दिवसांना पुढे सोलापूर कम्यून म्हटलं गेलं. हा लढा कायदेभंगाचा होता. रशियन क्रांतीचा धागा याच शहरात गिरणी कामगारांच्या युनियनमधून आला. तो पुढच्या पट्टीवर पाहा.’

चारपुतळा

४९ चा हिशोब १२ मे आणि ३० जून यांतला एक दिवस गाळून आलाय. दोन्ही धरले तर ५०. सरळ ‘१२ मे ते ३० जून’ लिहा, वाद नको. चौघांची नावं पूर्ण लिहा, ‘चौघांना’ म्हणून उरकू नका. जागा कमी पडली तर शेवटची ओळ काढा.

आणि फोटो किंवा कागद शोधताना इंग्रजी नोंदींत हे शहर ‘शोलापूर’ या स्पेलिंगने आहे. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर १९३० चं निम्मंअधिक साहित्य सापडणारच नाही.